‘आमच्या काळी कुठं होता नाश्ता?’

प्रश्न : ताई, आमच्या घरी सकाळी सहाला चहा होतो. मुलगी सातवीत आहे. उन्हामुळे तिची शाळा सकाळची झाली, पावणेसातला घर सोडते. अर्धा पेला दूध घेते, कधी तेही नाही. घरधनी बाहेर आलुबोंडा नाहीतर कचोरी खाऊन घेतात. मी डबे, पाणी, धुणं आवरून अकराला पहिला घास घेते, तोवर तीन चहा होतात. मोबाइलवर एक जण सांगतो सकाळी राजासारखं खा, दुसरा सांगतो सोळा तास उपाशी राहा. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या काळी कुठं होता नाश्ता? चहा पिऊन वावरात जात होतो, काई झालं नाई आमाले.’ खरं काय मानायचं? सकाळी खाण्याचा फायदा होतो का, आणि होत असेल तर आमच्यासारख्या घरात काय करावं?
— एक वाचक भगिनी, अकोला जिल्हा

उत्तर : ताई, सुरुवात तुमच्या सासूबाईंपासून करते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्यांचं आहे. त्या खरं बोलतात. वऱ्हाडातल्या शेतकरी घरात नाश्ता नव्हता. पण आज दुपारी त्यांच्याजवळ बसून एवढं विचारा : वावरात गेल्यावर पहिल्यांदा टोपलं कधी उघडायचं, आणि त्यात काय असायचं?

माझी आजी दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. सुटीत आम्ही पोरं तिच्या मागं वावरात जायचो. बाया उजाडता पात धरायच्या आणि नऊ-साडेनऊला, ऊन चटका द्यायच्या आत, बांधावरच्या कडुनिंबाखाली बसायच्या. आजी फडक्याची गाठ सोडायची. आत ज्वारीच्या दोन भाकरी, एकीवर एक, आणि मधे चुनाचा गोळा दाबलेला. (बाहेरच्या वाचकांसाठी : झुणक्याला आम्ही चून म्हणतो.) बुक्कीनं फोडलेला कांदा, हिरवी मिरची, अंबाडीची भाजी असली तर ती, आणि गडव्यात ताक. चून तासन् तास दाबून राहिल्यानं खालच्या भाकरीचा वरचा पापुद्रा पिवळा होऊन तेल-मिठानं मऊ पडायचा. त्या पिवळ्या तुकड्यासाठी आमची भांडणं व्हायची. याला आजी ‘न्यारी’ म्हणायची.

पुस्तकात तीच न्याहारी. शब्द ‘नहार’ या अरबी शब्दाच्या कुळातला, नहार म्हणजे दिवस. दिल्ली-लखनौकडे पहाटे खातात ती निहारीही याच घरातली. ‘नाश्ता’ फारसीतून आला आणि तिथं त्याचा मूळ अर्थ आहे उपाशी, सकाळपासून तोंडात काही न घातलेला. म्हणजे तुमच्या सासूबाईंकडे नाश्ता नव्हता, न्याहारी होती. चहावर त्या दोन-तीन तास राहत होत्या, अकरापर्यंत नाही. आणि चहानंतर पोटात जायचं ते टोस्ट-बिस्कीट नव्हतं.

आता त्या फडक्यातलं जेवण तोलून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले, त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू आहेत. पॉलिश केलेल्या तांदळात प्रथिनं आठ ग्रॅमच्या आसपास, तंतू तीनाच्याही आत. एका मध्यम भाकरीला साठेक ग्रॅम पीठ लागतं. दोन भाकरी झाल्या बारा ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू. चुनासाठी पाव वाटी बेसन धरलं तरी पाच-सहा ग्रॅम प्रथिनं आणखी. पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. आजीला त्यातला तिसरा हिस्सा साडेनऊच्या आत मिळून जात होता, तोही कडुनिंबाखाली, मातीत बसून.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती फार थोर वाटते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक तोकडा असतो. हरभरा, मूग, उडीद, तूर यांच्यात तोच भरपूर असतो, पण त्यांच्यात मेथिओनिन कमी पडतं, ते धान्यात असतं. भाकर आणि चून एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. खानदेशापासून अकोला-बुलढाण्यापर्यंत ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकर करतात, तिथं तर ही जोडी पिठातच लागलेली आहे. हे रसायनशास्त्र आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या कुणाच्या अंगात बळ राहतं, कुणाचं लेकरू धरतं, हे पाहत पाहत त्या इथवर आल्या.

मग ही न्याहारी गेली कुठं? आधी वावरातून गेली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं तेव्हा वऱ्हाड ज्वारीचाच मुलूख होता. पुढं सोयाबीन आलं, नगदी पैसा देणारं, आणि खरिपाची ज्वारी मागं पडली. कणसात दाणा भरताना पाऊस लागला की ती काळी पडते, भाव पडतो, उरलीसुरली रोही आणि रानडुकरं खातात. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. तिकडे रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. ज्वारी घरातून गेली तशी भाकर थापणारे हातही कमी झाले, आणि सकाळच्या वेळेला रिकामी जागा पडली. ती जागा चहा-टोस्टनं घेतली. चार बिस्किटं म्हणजे मैदा, साखर आणि पामतेल. त्यातून दीड-दोन ग्रॅम प्रथिनं हाती लागतात. रक्तातली साखर झपकन चढते, तासाभरात उतरते, आणि हात पुन्हा चहाच्या कपाकडे जातो.

तुमचा खरा प्रश्न फायद्याचा आहे. तिथं मी तुम्हाला मोबाइलवरच्या दोन्ही माणसांपेक्षा थोडं सबुरीनं सांगणार आहे.

‘नाश्ता हे दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं खाणं’ हे वाक्य फार जुन्या शास्त्रातून आलेलं नाही. १९१७ मध्ये अमेरिकेत ‘गुड हेल्थ’ मासिकात लेना कूपर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी ते मांडलं, आणि त्या मासिकाचे संपादक होते जॉन हार्वे केलॉग, सकाळी खातात त्या मक्याच्या पोह्यांशी, म्हणजे कॉर्नफ्लेक्सशी, ज्यांच्या घराण्याचं नाव जोडलेलं आहे ते. वाक्य जाहिरातींनी उचललं आणि जगभर पोचलं. पुढं शंभर वर्षांनी शास्त्रज्ञांनी ते तपासलं. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी तेरा प्रयोग एकत्र करून पाहिले. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात सरासरी २६० उष्मांक जास्तच गेले, आणि वजन किंचित जास्त भरलं, अर्धा किलोच्या आत. प्रयोग थोड्या काळाचे होते, पण ‘नाश्ता केला की वजन उतरतं’ हे सरसकट सांगता येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात २०१४ मध्ये दुसरीच गोष्ट दिसली. सहा आठवडे सकाळी खाणारी सडपातळ माणसं दिवसभर जास्त हालचाल करत होती. उपाशी राहणारी नकळत कमी हलत होती, हातपाय राखून वागत होती.

ही दुसरी गोष्ट मला वावरातल्या बायांवरून पटते. पोटात काही असलं की अंग कामाला येतं. वजनाच्या काट्यावर ते दिसत नाही, पातीवर दिसतं.

आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८२ मध्ये दाखवलं की सकाळी मसुरीसारखं सावकाश पचणारं कडधान्य खाल्लं, तर दुपारच्या जेवणानंतरही रक्तातली साखर कमी चढते. सकाळची डाळ दुपारचंही काम करून ठेवते. घास पोटात सावकाश उलगडतो, तंतू आतड्यांतल्या जिवाणूंना खाद्य देतात, आणि पुढचं जेवण आलं तरी शरीर गडबडत नाही. म्हणून सकाळी खाल्लं का, यापेक्षा काय खाल्लं हे मी जास्त मोलाचं धरते. पावावरचा जॅम आणि चून-भाकर यांना एकाच ‘नाश्ता’ शब्दात बसवणं मला चुकीचं वाटतं.

काही जणांच्या बाबतीत मात्र मी सबुरीनं बोलणार नाही, आणि तुमची मुलगी त्यांत पहिली.

वाढत्या लेकराच्या मेंदूला शरीराच्या मानानं साखर जास्त लागते आणि यकृतात तिचा साठा लहान असतो. रात्रभरात तो बराच संपतो. शाळेत असताना मी स्वतः चैत्रातल्या एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडले आहे. कानात घुंई आवाज आला, समोरचं मैदान पांढरं झालं, एवढंच आठवतं. बाईंनी गुळाचा खडा तोंडात घातला आणि विचारलं, ‘काय खाऊन आली?’ मी काहीच खाऊन आले नव्हते. जमैकाच्या खेड्यांतल्या शाळांमध्ये एक वर्षभर प्रयोग झाला, १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही मुलांना रोज शाळेत न्याहारी, काहींना संत्र्याची एक चतकोर फोड. न्याहारीवाल्यांची उंची-वजन थोडं सुधारलं, हजेरी वाढली, आणि लहान वर्गांतल्या मुलांचं गणित सुधारलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दुपारच्या जेवणासोबत सकाळच्या न्याहारीची शिफारस आहे. तामिळनाडूनं सप्टेंबर २०२२ मध्ये मदुराईहून सरकारी प्राथमिक शाळांसाठी ती सुरूही केली. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये अकोला-अमरावतीचा पारा चाळिशी ओलांडतो, शाळा सातच्या होतात, आणि मुलं नेमकी त्याच महिन्यांत सगळ्यात रिकाम्या पोटी घर सोडतात. या मुलखात सकाळच्या शाळेसोबत सकाळचा घास आला पाहिजे, असं मी प्रत्येक पालक सभेत बोलत आले आहे.

पण ‘सकाळी घास उतरतच नाही’ असं मुलगी म्हणत असेल तर तेही खोटं नाही. रात्री दहाला जेवून सकाळी सहाला भूक कशी लागेल? रात्रीचं जेवण आठच्या आत आणा, आठवड्याभरात फरक दिसेल. आणि न्याहारी उठल्याउठल्या झाली पाहिजे असा नियम कधीच नव्हता, आजी साडेनऊला खात होती. घर सोडताना एवढंच द्या : केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे, किंवा शेंगदाणा-तिळाचा एक लाडू आणि दूध. बाकीची न्याहारी मधल्या सुटीच्या डब्यात : मुगाचं धिरडं, मेथी घातलेला ज्वारीचा थालीपिठासारखा धपाटा, मोडाची उसळ, चालत असेल तर उकडलेलं अंडं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते उकडायला दहा मिनिटं लागतात. दुधात घालायच्या डब्यातल्या महाग भुकट्यांची गरज नाही, त्यांत साखरच फार असते. पाण्याची बाटली भरून द्या, आणि घरून निघायच्या आधी एक पेला पाणी पोटात जाऊ द्या.

दुसऱ्या तुम्ही. तुम्ही पत्रात स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलंत, पण मला सगळ्यात काळजी त्याच वाक्याची वाटली. सगळ्यांचं करून अकराला पहिला घास, आणि तोवर तीन चहा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच्या आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. वाढला आहे, ताई. जिना चढताना धाप लागणं, चिडचिड, केस गळणं, संध्याकाळी पाय ओढत चालणं याला आपण थकवा म्हणून सोडून देतो. चहातल्या टॅनिनसारख्या घटकांनी धान्य-भाजीतलं लोह बांधलं जातं. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. उलट लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषण वाढवतं. म्हणून खाणं आणि चहा यांच्यात एक तास जाऊ द्या. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली रीत बरोबर आहे, त्याच्या लगेच मागून चहाचा कप आणायची रीत सोडायला हवी.

तुमच्यासाठी वेगळं काही रांधायचं नाही. रात्री ओंजळभर हरभरा किंवा मूग भिजत घाला. तालमीतली पोरं हेच करत आली. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, त्या गावात भिजल्या चण्याचं मोल मी सांगायला नको. सकाळी त्याला कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर), मीठ, लिंबू. रात्रीची भाकर उरली असेल तर कुस्करून दही नाहीतर फोडणी. साडेआठला, चुलीजवळ उभ्यानं नको, बसून खा. डबे भरले की लगेच. घरात कुणी ‘आई आधी कशी जेवली’ म्हणालं, तर हे उत्तर वाचायला द्या. पोटुशी आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर हे दुप्पट लागू आहे. मेळघाटात २०१५ पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीतून अशा बायांना दिवसातलं एक पूर्ण गरम जेवण देतात : भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, सोबत गूळ-शेंगदाण्याचा लाडू. बाईला बसवून वाढणं हा तिच्या औषधाचा भाग आहे हे त्यात कुणीतरी ओळखलं.

तुमच्या घरधन्यांचा आलुबोंडा आणि कचोरी. शेगावच्या कचोरीवर माझंही प्रेम आहे, गाडी फलाटावर लागली की खिडकीतून तो वास येतोच. पण ती रोजची न्याहारी होऊ नये. बटाटा किंवा थोडं डाळीचं सारण, त्यावर मैदा किंवा बेसन, आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. हैदराबादच्या त्याच संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सतरा सूत्रं दिली, त्यांत देशातल्या एकूण आजारपणातला ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडला आहे, आणि दिवसाच्या दोन हजार उष्मांकांच्या ताटाला तेल-तूप फक्त २७ ग्रॅम ठेवलं आहे. पाच-सहा लहान चमचे, अख्ख्या दिवसाला. रोज सकाळी दोन कचोऱ्या झाल्या तर उरलेल्या दिवसाला हिशेबात जागा राहत नाही.

त्यांना बाहेरच खावं लागत असेल तर तर्री-पोहे सांगा. तर्री-पोहेवाल्याच्या पातेल्यात वर लाल तेलाचा थर तरंगतो आणि खाली काळे चणे बसलेले असतात. गाडीवर उभं राहून एवढंच म्हणायचं, ‘भाऊ, वरचं नको, तळचे चणे दे.’ पन्नास ग्रॅम पोह्यांत चारच्या आत प्रथिनं असतात. त्यावर अर्धी वाटी चणे पडले की तीच प्लेट दुप्पट कामाची होते. वर लिंबू, कांदा, सांबार. घरी पोहे केले तरी त्यात मूठभर शेंगदाणे, मटाराचे किंवा तुरीचे ओले दाणे जाऊ द्या. पौषात सोले असतात, पोपटाच्या शेंगा असतात, श्रावणात बरबटीच्या घुगऱ्या. वऱ्हाडात प्रत्येक हंगामाला सकाळसाठी काही ना काही पिकतं, बाजारात ओट्स शोधत फिरायची पाळी येत नाही. ओट्स वाईट नाहीत, पण आपली ज्वारीही कमी मोलाची नाही.

सासूबाईंना कळण्याचं प्रमाण विचारून घ्या. आमच्याकडे ज्वारी चार पायली तर सालासकट उडीद एक, आणि मूठभर मेथीदाणा, असं दळून आणायचे. घरोघर ते वेगळं असतं. त्यांच्या घरचं त्यांनाच ठाऊक असणार.

प्रश्न : वय चौसष्ट, मधुमेह बारा वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत. मित्रांचं पाहून सकाळचं खाणं सोडलं, दुपारी एकलाच जेवतो. वजन दोन किलो उतरलं, पण अकराच्या सुमारास घाम येतो, हात थरथरतात. हे चालू ठेवू का?
— एक सेवानिवृत्त वाचक, अमरावती

उत्तर : काका, हे उपाशी राहणं आजच थांबवा आणि उद्या तुमच्या डॉक्टरांना भेटा. घाम आणि थरथर ही साखर खाली गेल्याची खूण असू शकते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न असो-नसो साखर उतरवत राहतात. त्यावर उपाशी राहणं धोक्याचं आहे, गाडीवर असताना तर जास्तच. तसं पुन्हा झालं तर लगेच दोन-तीन चमचे साखर पाण्यात घोळून घ्या, मग काही खा, आणि ग्लुकोमीटर असेल तर आकडा लिहून ठेवा, डॉक्टरांना तो उपयोगी पडेल.

शिवाय मधुमेहात सकाळ सोडल्यानं दुपार सोपी होते असंही नाही. इस्रायलच्या संशोधकांनी बावीस मधुमेहींवर केलेला एक छोटा प्रयोग २०१५ मध्ये छापून आला. ज्या दिवशी त्यांनी सकाळचं खाणं सोडलं, त्या दिवशी तेच दुपारचं जेवण जेवूनही साखर बरीच जास्त चढली, रात्रीच्या जेवणानंतरही. दुपारपर्यंत उपाशी राहिलं की इन्सुलिन स्रवायला उशीर होतो असं त्यांना दिसलं. तुमच्यासाठी साडेआठला एक लहान भाकर, वाटीभर घट्ट मुगाचं वरण किंवा मोडाची उसळ, काकडी किंवा मुळा, आणि बिनसाखरेचं ताक. साबुदाणा, शिरा, केळीसोबत दूध हे सकाळी नको. जेवणं जवळ आणून रात्रीचं लवकर घ्यायचं असेल तर ते जरूर घ्या, सातला जेवलात तरी रात्रभराचा तेरा-साडेतेरा तासांचा उपवास आपोआप होतो. गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांनी बदलायच्या, मित्रांनी नाही.

प्रश्न : रविवारी सकाळी आमच्या घरी गिला वडाच असतो. डाळीचा आहे, दही आहे, मग तोही चालला पाहिजे ना?
— एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर : रविवारी खुशाल खा. डाळ भिजवून वाटलेली, वर दही, म्हणजे प्रथिनं दोन्हीकडून आली. तेल आहे, पण वडा कोमट पाण्यात भिजवून दोन्ही तळव्यांत हलकेच दाबला की पाण्यावर तवंग येतो, तेवढं तेल तिथंच राहतं. वरची गोड चटणी अर्धी करा. आणि घरी करत असाल तर थोडं वाटण बाजूला काढून आप्पेपात्रात घालून पाहा. थेंबभर तेलात होतात, पाण्यात भिजतात, दह्याखाली तळलेला कुठला आणि आप्पा कुठला हे आमच्या घरी तरी दुसऱ्या घासानंतर कुणी विचारलं नाही.